सही कोणाची?

केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांसाठी जी मानके घालून दिली आहेत, त्यांत एक छोटेसे वाक्य आहे. या शस्त्रक्रियेसाठी जोडीदाराच्या संमतीची गरज नाही. बाईचे वय २२ ते ४९ च्या दरम्यान असावे, लग्न झालेले असावे, किमान एक मूल असावे आणि ते वर्षावरचे असावे, तिने समजून-उमजून सही करावी. बस्स. नवऱ्याची सही नियमात कुठेही नाही. तरीही गाव असो वा शहर, टेबलापलीकडून पहिला प्रश्न येतो तो, “बरोबर कोण आलंय? मिस्टरांना बोलवा, सही लागेल.” अनेकींनी तो ऐकला असेल. बाई स्वतःच्या पगारावर घर चालवत असली, तरी या प्रश्नातून तिची सुटका नसते.

डॉक्टरांनाही सगळा दोष देता येणार नाही. उद्या काही बिनसले तर नातेवाईक दवाखान्यात येऊन गोंधळ घालतील, नवरा कोर्टात खेचेल, ही भीती खोटी नाही. असा खटला खरोखर झाला. वेगळ्या राहणाऱ्या, मग कोर्टाच्या सांगण्यावरून पुन्हा नांदायला गेलेल्या एका स्त्रीने गर्भपात करून घेतला. आपल्या संमतीवाचून हे झाले म्हणून नवऱ्याने बायकोवर, तिच्या माहेरच्यांवर आणि डॉक्टरांवर नुकसानभरपाईचा दावा लावला. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो फेटाळला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी नवऱ्याच्या संमतीची गरज नाही, हे त्या दिवसापासून तरी वादातीत झाले. पण निकालपत्रे ओ. पी. डी.च्या भिंतीवर कोणी लावत नाही.

दुसरा खटला दिल्लीचा, आणि तो जास्त बोचणारा. १९९५ मध्ये ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री पाळीच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेली. दुर्बिणीने तपासणी आणि त्या अनुषंगाने लागेल ते, एवढ्यासाठी तिने सही केली. तिला भूल दिली गेली. ती टेबलावर बेशुद्ध असताना मदतनीस डॉक्टर बाहेर आल्या आणि बाकावर बसलेल्या तिच्या आईची सही घेऊन आत गेल्या. बाई शुद्धीवर आली तेव्हा तिचे गर्भाशय आणि दोन्ही बीजाशये काढलेली होती. खटला तेरा वर्षे रेंगाळला. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती ठरत नाही, जिवावरचा प्रसंग नव्हता, आणि सज्ञान मुलीच्या वतीने आईने केलेल्या सहीला काही अर्थ नाही. भरपाई मिळाली २५ हजार रुपये. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता हे न्यायालयाने मान्य केले होते, आणि प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. बायकांच्या शरीराबद्दलचे बरेचसे निर्णय त्यांच्या भल्यासाठीच, त्यांना न विचारता घेतले जातात.

महाराष्ट्राला हा विषय नवा म्हणता येणार नाही. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ साली. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला तोही त्याच वर्षी. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा विल्सन कॉलेजात गणित शिकवत असे. या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. घरात पैशाची चणचण कायमची. पत्नी मालतीबाईंनी साथ दिली, आणि मूल नको हा दोघांचा निर्णय ठरल्यावर शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. गेल्या शंभर वर्षांत या एका बाबतीत त्यांचे अनुकरण किती पुरुषांनी केले, त्याचा हिशेब पुढे येईलच.

कर्व्यांचे म्हणणे त्या काळाला झेपणारे नव्हते. देशाची लोकसंख्या, गरिबी हे मुद्दे त्यांच्या लेखनात येतात. पण स्त्रीला शरीरसुखाचा हक्क आहे आणि मूल कधी हवे, हवे की नको, हे ठरवण्याचाही आहे, हे त्यांनी जितक्या सरळपणे लिहिले तितके नंतरच्या सरकारी पत्रकांनी कधी लिहिले नाही. मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरे हा आरोपाचा विषय होता. ते खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. आंबेडकरांनी मात्र हा विषय कोर्टातच सोडून दिला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला. बाबासाहेब त्या दिवशी हजर राहू शकले नाहीत, म्हणून पी. जे. रोहम यांनी तो मांडला. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलांना कोणीच तयार झाला नसता, असा युक्तिवाद त्या भाषणात होता. सभागृहाने ठराव फेटाळला.

याच दशकात, १९३५ च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या मार्गारेट सँगर वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजींचा कृत्रिम साधनांना विरोध होता आणि तो भेटीनंतरही कायम राहिला. त्यांचा तोडगा असा, की बायकांनी नवऱ्याला नाही म्हणायला शिकावे. कर्वे अशा सल्ल्यावर काय म्हणाले असते त्याची कल्पना करणे अवघड नाही. तरी एक गोष्ट नोंदवावी लागेल: साधनांबद्दल दोन टोकांना असलेल्या या दोघांनाही नकार देणारी बाई डोळ्यांपुढे दिसत होती. स्वातंत्र्यानंतर ही बाई दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी उद्दिष्ट आले.

१९५२ मध्ये भारताने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला; जगात असा कार्यक्रम राबवणारा हा पहिला देश. पुढची कहाणी सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळले. १९७७ मध्ये सरकार पडले आणि राजकारण्यांनी त्यातून एकच धडा घेतला: पुरुषांना हात लावायचा नाही. कार्यक्रम थांबला नाही. तो बायकांकडे वळला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९-२१ ची फेरी पाहावी. देशात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांची शस्त्रक्रिया झालेली. महाराष्ट्रात हा आकडा ४९ टक्क्यांच्या घरात, म्हणजे जवळपास निम्म्या. पुरुष नसबंदीचे प्रमाण देशात ०.३ टक्के, आणि महाराष्ट्रातही अर्ध्या टक्क्याच्या खालीच. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया दहा-पंधरा मिनिटांत, जागा बधिर करून होते. बाईचे पोट उघडावे लागते किंवा दुर्बीण घालावी लागते. शस्त्रक्रियेच्या वेळी बाईचे वय बहुधा पंचविशीच्या आसपास असते. राज्याचा एकूण जननदर १.७ वर आला याबद्दल भाषणांत पाठ थोपटून घेतली जाते. ही घट कोणाच्या पोटावरच्या टाक्यांमुळे, हे त्या भाषणांत येत नाही.

आणि टाके घालण्याची घाई किती जीवघेणी होऊ शकते, हे ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ दिसले. एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. तेरा जणी दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असा आदेश दिला.

बायकांना काय होते, हे त्यांनाच विचारावे असे कोणाला सुचलेच नव्हते, असे मात्र नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ज्यांना तक्रार होती त्यांचीच नव्हे, सगळ्यांची. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले: ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे हे बाईच्या जातीला असायचेच, अशी समजूत घेऊन त्या वर्षानुवर्षे राबत होत्या. सरकारला त्यांची बीजनलिका ठाऊक होती, तिच्या आजूबाजूचे दुखणे ठाऊक नव्हते. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली की बाई आरोग्यसेवेच्या यादीतून बाहेर, हा हिशेब आजही पुरता मोडलेला नाही.

बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचे प्रकरण या हिशेबातूनच समजून घ्यावे लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुढे कर्नाटक. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, दोघांचा हिशेब एकत्र. पहाटे अंधारात फडात उतरायचे, नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने पाचट काढून मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायच्या. पाचटाच्या कोपीत आडोसा नाही, संडास नाही, अंघोळीला पाणी नाही. पाळीत पोट धरून एक दिवस बसले की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. अशा बाईला कमरेचे दुखणे घेऊन गावाकडच्या खासगी दवाखान्यात जावे लागते. तिथे सोनोग्राफी होते, पिशवीला सूज आहे म्हणतात, पुढे कॅन्सर होईल म्हणतात. मुले झालेली, बऱ्याच जणींचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशनही झालेले. मग पिशवी ठेवून करायचे काय? ऑपरेशनसाठी मुकादमाकडूनच पैसे उचलायचे आणि पुढच्या हंगामात फेडायचे.

२०१९ मध्ये याची बोंब झाली. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. साधारण सहा जणींमागे एक. देशभरात १५ ते ४९ या वयोगटात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. तिशीतच बीजाशयासकट पिशवी गेलेल्या बाईची पाळी अकाली कायमची थांबते, हाडे ठिसूळ होतात, कंबर आणि सांधे धरतात. आणि जे दुखणे टाळायला हे केले, ते मोळी उचलताना दुप्पट होऊन पुढे उभे राहते.

इथे या विषयातला अवघड पेच येतो. या बायकांच्या कागदांवर सह्या त्यांच्याच आहेत, किंवा अंगठे. कोणी हात धरून नेले नव्हते. “मीच म्हटलं काढून टाका, कटकट नको,” असे त्यांच्यातल्या कितीतरी जणी सांगतात. हा स्वतःचा निर्णय म्हणायचा का? कायद्याच्या भाषेत हो. पण ज्या बाईपुढे पाळीच्या दिवसांची भरपगारी रजा, फडाजवळ संडास, पंधरा किलोमीटरच्या आत एखादी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि साधी औषधे यांपैकी काहीच ठेवलेले नाही, तिला एकाच दाराने बाहेर पडता येते, आणि त्या दारावर सर्जनची पाटी असते. संमतीपत्रात तिने काय निवडले ते लिहितात. काय निवडायला होते, त्यासाठी रकाना नसतो.

शासनाने यावर उपाय काढला तोही पाहण्याजोगा. बीडमध्ये खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. अनावश्यक शस्त्रक्रियांना त्याने लगाम बसला असेल, आणि तो बसायलाच हवा होता. पण ज्या बाईला खरोखरच भयंकर रक्तस्राव होतो, जिला गाठी आहेत, तिलाही आता आणखी एका साहेबाच्या सहीची वाट पाहायची. खाड्याचा दंड बंद करणे, ऊसतोडीच्या काळात फिरता दवाखाना फडावर नेणे, हे त्यापेक्षा खर्चिक आणि कारखानदारांना न आवडणारे उपाय. सही वाढवणे स्वस्त पडते. एप्रिल २०२३ मध्ये बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच तक्रारींवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत असे सांगितले. म्हणजे बीड एकटे नाही.

पाळणा लांबवण्याच्या साधनांबद्दल मोजकेच बोलू. निरोध, माला-एन, तांबी ही जुनी. २०१७ च्या सुमारास सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आणि आधी आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची ‘छाया’ गोळी आली. अंतराची खासियत ही, की घरात पाकीट सापडत नाही. सासूला न सांगता घेणाऱ्या सुना आहेत. याच प्रकारच्या इंजेक्शनांना १९८० च्या दशकात स्त्री संघटनांनी विरोध केला होता, १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही धाव घेतली होती. कारण परिणाम नीट न सांगता गरीब बायकांना ती टोचली जातील ही भीती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पाळी अनियमित होईल, कदाचित थांबेल, हे आधी सांगितलेली बाई दुसऱ्या डोससाठी परत येते. न सांगितलेली घाबरते, परत येत नाही, आणि शेजारणीलाही घाबरवते.

गर्भपाताचा कायदा महाराष्ट्राशी मुळातच जोडलेला आहे. १९६४ मध्ये नेमलेल्या ज्या समितीच्या शिफारशींवर तो उभा राहिला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. १९७१ चा कायदा जगाच्या तुलनेत उदार होता, पण त्याची रचना बारकाईने वाचली तर ती डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यापासून वाचवण्याची आहे. गर्भपात कधी करता येईल ते डॉक्टरच्या मतावर अवलंबून; बाईची फक्त संमती. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे केले, विशिष्ट गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढवली आणि ‘विवाहित स्त्री व तिचा पती’ या शब्दांऐवजी ‘स्त्री व तिचा जोडीदार’ असे शब्द घातले. मत डॉक्टरचेच राहिले.

न्यायालये मात्र पुढे गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भायखळ्याच्या तुरुंगातल्या एका कच्च्या कैदी स्त्रीच्या निमित्ताने स्वतःहून प्रकरण हाती घेतले. न्या. विजया ताहिलरमाणी आणि न्या. मृदुला भाटकर यांनी सांगितले, की गर्भ तिच्या शरीरात वाढतो, त्याचा भार तिच्या मनावर पडतो, म्हणून निर्णयही तिचाच. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांची सवलत लागू केली आणि डॉक्टरांना बजावले, की घरच्यांची संमती, जादा कागदपत्रे, कोर्टाची परवानगी असल्या कायद्यात नसलेल्या अटी घालू नका.

प्रत्यक्षात अडथळा भलतीकडूनच येतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, १९८८ मध्ये. २०१७ साली सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळचे बेकायदा स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण उघडकीस आले आणि तपासण्यांचा धडाका लागला. लिंगनिदान गुन्हा आहे, कायद्याच्या चौकटीतला गर्भपात नाही, हा फरक त्या धडाक्यात पुसला गेला. गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच नको, असे अनेक औषध दुकानदारांनी ठरवले. मुलगी नको म्हणून होणारे गर्भपात त्याने किती थांबले ते माहीत नाही. सहा आठवड्यांची गरोदर, मूल नको असलेली बाई मात्र आणखी दोन तालुके हिंडू लागली.

शिक्षा द्यायची असते तेव्हा मात्र निर्णय पूर्णपणे तिचा मानला जातो. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर ग्रामपंचायतीचे सदस्यत्व जाते, हा महाराष्ट्राचा नियम. आरक्षणातून सरपंच झालेली बाई तिसरे बाळंतपण स्वतःच्या मर्जीने ओढवून घेते, असे हा नियम धरून चालतो. ज्या घरात पहिल्या दोन मुली आहेत त्या घरात ही मर्जी कोणाची असते, हे गावातल्या कुठल्याही आशाताईला विचारावे.

राहिला पुरुषांचा प्रश्न. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा पाळतात. शस्त्रक्रियेनंतर मिळणारी रक्कम पुरुषाला बाईपेक्षा जास्त आहे. तरी आकडा हलत नाही. अशक्तपणा येईल, जड काम जमणार नाही ही भीती, आणि ती घालण्यात आई आणि बायकोही मागे नसतात. कुटुंबनियोजन ही बाईने बघायची गोष्ट आहे, असे त्याच राष्ट्रीय पाहणीत दर तिसऱ्या पुरुषाने सांगितले. जे थोडे तयार होतात त्यांच्या बाबतीत एक बारीक गोष्ट वारंवार राहून जाते. बाईच्या शस्त्रक्रियेसारखा नसबंदीचा परिणाम लगेच सुरू होत नाही. तीन महिने निरोध वापरावा लागतो आणि मग वीर्य तपासून खात्री करावी लागते. हे कोणी नीट सांगत नाही, किंवा सांगितलेले ऐकले जात नाही. दोन महिन्यांनी बायकोला दिवस जातात. मग दवाखान्यातला निष्काळजीपणा कोणी शोधत नाही, बाईच्या चारित्र्यावर संशय घेतात. आपली काही चूक नाही हे सिद्ध करायला तिला नवऱ्याला तपासणीसाठी त्याच दवाखान्यात परत घेऊन जावे लागते, आणि तो बहुतेक वेळा यायला तयार नसतो.